पालाशाचे घड्याळ आणि दख्खनचा काळा पाषाण

(श्रीगोंदा तालुक्यातील प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांसाठी योजिलेल्या व्याख्यानाची संहिता)



नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे खेड्यातील कोणाही शिक्षकास अपरिचित नाहीत. श्रीगोंदा तालुका हा उसाचा व लिंबाच्या बागांचा मुलूख असल्यामुळे खताच्या पोत्यावरील तिसरा आकडा पालाशाचा असतो, हे येथील शेतकऱ्याचे मूलही सांगू शकते. पालाश म्हणजे ज्याला रसायनशास्त्रात पोटॅशियम म्हणतात त्या मूलद्रव्याचे खतातील रूप. याच पालाशाच्या पोटात निसर्गाने एक अत्यंत सावकाश चालणारे घड्याळ ठेवलेले आहे. त्या घड्याळावरून श्रीगोंद्याच्या विहिरीत लागणाऱ्या काळ्या कातळाचे वय ठरविता आले, आणि त्याच घड्याळाने शेजारच्या कुकडी नदीच्या काठी शास्त्रज्ञांना मोठ्या संभ्रमातही पाडले. या दोन्ही गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे. यश आणि संभ्रम या दोहोंची हकिकत एकत्र सांगितली, तरच विज्ञानातील एखादा आकडा कसा सिद्ध होतो याची कल्पना विद्यार्थ्यांना येईल.

पोटॅशियमचा आणि मनुष्याचा परिचय चुलीपासून सुरू होतो. लाकडाची राख पाण्यात कालवून वरची निवळी आटविली की जो क्षार उरतो, त्यात पोटॅशियम असते. राखेने भांडी स्वच्छ होतात त्याचे एक कारण हेच. पोटॅशियमची खूण म्हणून लिहिले जाणारे ‘के’ हे अक्षर ‘कॅलियम’ या लॅटिन नावावरून आले असून, त्या नावाचे मूळ वनस्पतीच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दात आहे. १८०७ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने कॉस्टिक पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडून ही धातू प्रथम वेगळी केली. चाकूने कापता येईल इतकी मऊ, आणि पाण्यात पडताच पेट घेणारी अशी ही धातू आहे. प्राथमिक शाळेत तिचा प्रयोग कधीही करू नये. तिची ओळख राखेच्या व खताच्या द्वारेच करून द्यावी.

आता अणूच्या अंतरंगाकडे वळू. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणुकेंद्रात प्रोटॉन व न्यूट्रॉन असे दोन प्रकारचे कण असतात. प्रोटॉनांच्या संख्येवरून मूलद्रव्याची जात ठरते. पोटॅशियमच्या केंद्रात नेहमी १९ प्रोटॉन असतात. १८ असतील तर तो अणू आर्गॉन वायूचा, आणि २० असतील तर कॅल्शियमचा होय. न्यूट्रॉनांची संख्या मात्र कमीअधिक असू शकते. एकाच मूलद्रव्याचे, परंतु निरनिराळ्या भाराचे जे अणू असतात, त्यांना समस्थानिक म्हणतात. एकाच आडनावाची, एकाच वाड्यात राहणारी, वागण्यात सारखी, पण वजनाने वेगळी अशी ही भावंडे होत.

निसर्गात पोटॅशियमचे तीन समस्थानिक आढळतात. २० न्यूट्रॉन असलेला पोटॅशियम-३९ हा शेकडा ९३.२६, आणि २२ न्यूट्रॉन असलेला पोटॅशियम-४१ हा शेकडा ६.७३ या प्रमाणात असतो. हे दोघे स्थिर आहेत. तिसरा पोटॅशियम-४० हा शेकडा केवळ ०.०११७ असतो, म्हणजे दहा हजार अणूंत जेमतेम एक. संख्येने इतका नगण्य असलेला हा तिसरा भाऊच विज्ञानाच्या सर्वांत उपयोगी पडला आहे, कारण तो स्थिर नाही.

पोटॅशियममधून किरण बाहेर पडतात ही गोष्ट १९०६ च्या सुमारास केंब्रिज येथील नॉर्मन कॅम्बेल व अलेक्झांडर वुड यांच्या लक्षात आली. ते किरण नेमके कोणत्या समस्थानिकाचे, याचा उलगडा मात्र अल्फ्रेड नीर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३५ साली पोटॅशियम-४० शोधून काढल्यावर झाला. या अणूचे रूपांतर दोन वाटांनी होते. शंभरांपैकी सुमारे ८९ अणू केंद्रातून एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकून कॅल्शियम-४० बनतात. उरलेले सुमारे ११ अणू बाहेरचा एक इलेक्ट्रॉन केंद्रात ओढून घेऊन आर्गॉन-४० या वायूचे अणू होतात. हे घडण्याचा वेग अतिशय मंद आहे. कोणताही साठा घेतला तरी त्यातील निम्मे अणू पालटण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. या कालावधीस अर्धायु म्हणतात. तापविल्याने, थंड केल्याने, दाबल्याने, कुटल्याने त्या गतीत लक्षात घेण्याजोगा फरक पडत नाही, आणि घड्याळाला हवा तो गुण नेमका हाच होय.

अणू पालटण्याची ही क्रिया दूर कोठे प्रयोगशाळेतच चालते असे समजू नये. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू पालटत असतात. सुमारे सत्तर किलो वजनाच्या मनुष्याच्या शरीरात १४० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. म्हणजे वर्गात उभ्या असलेल्या गुरुजींच्या देहातच दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू पालटत असतात. एका केळ्यात ही संख्या सेकंदाला बारा-तेरा भरते, आणि ५० किलोच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या पोत्यात साडेसात लाखांवर जाते. यात भिण्याचे काही नाही. मनुष्यजात या किरणांच्या सोबतीनेच वाढलेली आहे. शिवाय शरीर आपले पोटॅशियमचे प्रमाण ठराविक राखते व जास्तीचे मूत्रावाटे टाकून देते, त्यामुळे अधिक केळी खाल्ल्याने हे किरण साठत जात नाहीत. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द ऐकताच मुलांच्या मनात भयच उभे राहू नये, यासाठी हे आकडे वर्गात अवश्य सांगावेत.

श्वासातील हवेतही या अणूची खूण आहे. रॅले व रॅम्झी या शास्त्रज्ञांनी १८९४ साली हवेत आर्गॉन वायू शोधला. हवेच्या शंभर भागांत तो जवळजवळ एक भाग असतो, आणि त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक हिस्सा आर्गॉन-४० या एकाच समस्थानिकाचा असतो. इतर मंद वायूंच्या मानाने हा एकच वायू इतका विपुल का, हे कोडे होते. १९३७ साली कार्ल फॉन वायत्सेकर या जर्मन शास्त्रज्ञाने सुचविले की, खडकांतील पोटॅशियम-४० पालटून हा वायू युगानुयुगे हवेत येत असला पाहिजे. १९४८ साली ऑल्ड्रिच व नीर यांनी पोटॅशियमयुक्त जुन्या खनिजांत आर्गॉन-४० प्रत्यक्ष दाखवून त्या तर्कास पुष्टी दिली. पृथ्वी जन्मली तेव्हा पोटॅशियम-४० आजच्या सुमारे बारा पट होते. त्याच्या पालटण्यातून निघालेल्या उष्णतेने पृथ्वीचे पोट ऊबदार राहण्यास मोठा हातभार लागला.

या दोन गोष्टींतून पाषाणाचे घड्याळ तयार होते. ज्वालामुखीचा तप्त रस जेव्हा वाहत असतो, तेव्हा त्यातील आर्गॉन वायू बहुतांशी उडून जातो. रस थिजून खडक झाला, म्हणजे पोटॅशियम स्फटिकांत बांधले जाते, आणि त्यापुढे जन्मणारा आर्गॉन तेथेच अडकून पडतो. घडीच्या वाटीत पाणी थेंबाथेंबाने भरावे, तसा हा वायू खडकात भरत जातो. आता खडकात पोटॅशियम किती आणि आर्गॉन-४० किती हे मोजले, की खडक थिजून किती काळ लोटला याचे गणित करता येते. हीच पोटॅशियम-आर्गॉन पद्धत होय.

हे गणित श्रीगोंद्याच्या कातळाला लावून पाहू. भीमेच्या काठी पेडगाव येथील लक्ष्मीनारायणाचे प्राचीन मंदिर ज्या काळ्या पाषाणाचे आहे, त्याच जातीचा पाषाण तालुक्यातील जवळजवळ प्रत्येक विहिरीच्या तळाशी लागतो. त्यास बेसॉल्ट म्हणतात. तप्त रसाचे थरावर थर साचून झालेला हा खडक आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ते थर पायऱ्यांसारखे दिसतात. आज मान्य असलेले त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. एवढ्या काळात पोटॅशियम-४० च्या दर हजार अणूंपैकी सुमारे ३६ अणू पालटले, आणि त्या ३६ पैकी आर्गॉन झाले फक्त चार. हजारात चार एवढ्या अल्प शिदोरीवर शास्त्रज्ञाला वय सांगावे लागते. त्यातच दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मुळात पोटॅशियम थोडे. म्हणून येथील काम विशेष कठीण ठरले.

कोणत्याही घड्याळास दोन दोष जडू शकतात. ते मागे पडते, किंवा पुढे धावते. पाषाणाच्या घड्याळाचे हे दोन्ही दोष दख्खनच्या पठारावरच अनुभवास आले.

पहिला दोष गळतीचा. कातळ ऊन-पावसाने कुजला, त्याचा मुरूम होऊ लागला, किंवा पुरला जाऊन पुन्हा तापला, म्हणजे स्फटिकांत अडकलेला आर्गॉन निसटतो. मग वाटीतील पाणी कमी भरते आणि खडक आहे त्याहून तरुण दिसतो. वेलमन व मॅकएल्हिनी यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेले दख्खनच्या खडकांचे मापन, आणि त्याच्या मागेपुढे झालेली इतर मापने एकत्र मांडली, तर वयांचे आकडे सुमारे चार कोटी वर्षांपासून आठ कोटींच्याही पलीकडे विखुरलेले दिसत. एवढा प्रचंड थर साचण्यास खरोखरच कित्येक कोटी वर्षे लागली, की गळक्या घड्याळांमुळे आकडे फाकले, हे जुन्या पद्धतीने सांगता येईना.

यावर तोड निघाली ती पोटॅशियमच्या दुसऱ्या भावंडाच्या साहाय्याने. १९६६ साली क्रेग मेरिह्यू व ग्रेनव्हिल टर्नर यांनी एक युक्तीची पद्धत मांडली. खडकाचा तुकडा अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला, तर पोटॅशियम-३९ च्या काही अणूंचे आर्गॉन-३९ मध्ये रूपांतर होते. हा वायू खडकात निसर्गतः नसतो. म्हणून तो जितका मिळेल त्यावरून पोटॅशियम किती होते ते कळते. आता पोटॅशियम एका तुकड्यात आणि आर्गॉन दुसऱ्या तुकड्यात मोजण्याचे कारण उरत नाही. एकाच तुकड्यातून निघालेले दोन आर्गॉन एकाच यंत्रात, त्यांच्या भाराप्रमाणे वेगळे करून मोजता येतात. शिवाय तुकडा एकदम न वितळविता पायरीपायरीने तापविता येतो. गळतीचा उपद्रव झालेल्या कडा आधी वायू सोडतात, घट्ट गाभा नंतर. प्रत्येक पायरीचे वय आलेखावर मांडत गेले असता गाभ्याच्या पायऱ्या सारखेच वय सांगू लागतात, आणि आलेख सपाट होतो. या सपाट भागास शास्त्रज्ञ ‘पठार’ म्हणतात. पठार मिळाले तर वय विश्वसनीय. न मिळाले तर तो खडक वय सांगण्यास अपात्र, असा निवाडा तुकडा स्वतःच देतो.

या पद्धतीने १९८८ साली डंकन व पाइल यांनी सह्याद्रीतील थर तपासले, तेव्हा विखुरलेले आकडे एकत्र आले. थरांच्या मोठ्या जाडीत वयाचा फरक फारसा पडेना, आणि हा महास्फोट सुमारे ६ ते ७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका अल्प काळात उरकला असे दिसू लागले. वेंकटेशन, पांडे व गोपालन यांनी १९९३ साली याच प्रश्नावर आपली मापने मांडली. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. २०१९ साली कोर्टनी स्प्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धतीने, आणि दुसऱ्या एका गटाने युरेनियम-शिसे या निराळ्या घड्याळाने, सह्याद्रीचे थर पुन्हा मोजले. लाव्हाचा बहुतेक भाग सुमारे दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, याविषयी दोघांचे एकमत झाले. डायनोसॉरांचा अंत झाला त्या क्षणाच्या आधी किती लाव्हा आला व नंतर किती, याविषयी मात्र त्यांच्यात मतभेद राहिला. दोन स्वतंत्र घड्याळे इतकी जुळावीत, आणि तरीही त्यांच्यात बारीक तंटा उरावा, ही विज्ञानाची नित्याची स्थिती होय.

दुसरा दोष भेसळीचा. त्याची हकिकत अधिक जवळची आहे, कारण ती ज्या नदीकाठी घडली त्या नदीचे पाणी कालव्याने श्रीगोंद्याच्या शेतांपर्यंत येते. जुन्नर तालुक्यातून निघालेली कुकडी निघोजच्या प्रसिद्ध रांजणखळग्यांवरून वाहत घोड नदीस मिळते, आणि घोड पुढे भीमेस. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथील नदीच्या गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या व इतर संस्थांच्या संशोधकांना ज्वालामुखीच्या राखेचा एक पांढुरका थर आढळला. त्याचा वृत्तान्त १९८९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या राखेशी संबंधित गाळथरांत आदिमानवाची अश्युलियन नावाने ओळखली जाणारी दगडी हत्यारे, हातकुऱ्हाडी वगैरे, सापडली होती. राखेचे वय कळले, तर या प्रदेशात मनुष्य केव्हा वावरत होता हे कळणार होते. एवढे मोल त्या एका आकड्यास आले होते.

पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने पहिला आकडा आला तो सुमारे १४ लाख वर्षे. तो खरा असता, तर कुकडीकाठची ही हत्यारे आशियातील अतिप्राचीन हत्यारांत गणली गेली असती. नंतर शीला मिश्रा, वेंकटेशन, राजगुरू व सोमयाजुलू यांनी सुधारलेल्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने मोजमाप करून १९९५ साली सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे हा आकडा दिला. त्याच वर्षी दुसऱ्या काही संशोधकांनी घड्याळ बाजूस ठेवून राखेतील काचकणांची रासायनिक घडण तपासली. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाच्या राखेशी जुळते, असे त्यांचे म्हणणे पडले. तो स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. हा आकडाही स्फोटाच्या जागेजवळच्या स्वच्छ स्फटिकांवरून आर्गॉन पद्धतीनेच निश्चित झालेला आहे. १४ लाख, पावणेसात लाख आणि ७४ हजार! एकाच राखेचे तीन आकडे, आणि त्यांतील पहिल्या व शेवटच्या आकड्यांत जवळजवळ एकोणीस पटींचे अंतर.

असे का व्हावे? पुन्हा तेच गणित मांडून पाहावे. ७४ हजार वर्षांत पोटॅशियम-४० च्या दहा लाख अणूंपैकी सुमारे ४१ अणू पालटतात, आणि आर्गॉन होतात चार-साडेचार. बेसॉल्टमध्ये हजारात चार, येथे दहा लाखांत चार. इतक्या तुटपुंज्या वायूत थोडीशी भेसळही हिशेब उलटवून टाकते. पहिली भेसळ हवेची. हवेतला आर्गॉन कणाकणाला चिकटून येतो. त्यावर उपाय आहे: हवेत आर्गॉन-३६ च्या प्रत्येक अणूमागे आर्गॉन-४० चे सुमारे २९८ अणू असतात, म्हणून आर्गॉन-३६ मोजून हवेचा वाटा वजा करता येतो. दुसरी भेसळ नदीच्या गाळाची. राख वाऱ्याने आली व पाण्याने वाहून साचली. वाटेत दख्खनच्या जुन्या पाषाणाचे बारीक कण तिच्यात मिसळणे साहजिक होते. पोटॅशियम सारखेच धरले, तर सहा कोटी साठ लाख वर्षांच्या एका कणात ७४ हजार वर्षांच्या जवळजवळ नऊशे कणांइतका आर्गॉन असतो. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम कमी असल्यामुळे प्रत्यक्ष परिणाम यापेक्षा सौम्य होईल. तथापि असे थोडे कण मिसळले तरी राख आहे त्याहून म्हातारी दिसेल, हे उघड आहे.

वाद येथे मिटला नाही. २०११ साली वेस्टवे, मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूगर्भीय पुराव्यावरून प्रतिपादन केले की, बोरीची राख टोबाचीच, परंतु शेवटच्या स्फोटाची नसून सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या स्फोटाची आहे. दुसरा पक्ष ७४ हजारांवर ठाम राहिला. त्याच वर्षी शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथील अश्युलियन हत्यारांचे वय अगदी निराळ्या पद्धतीने सुमारे १५ लाख वर्षे इतके जुने ठरविले. म्हणजे भारतातील मनुष्याचे प्राचीनत्व बोरीच्या एका आकड्यावर अवलंबून राहिले नाही. परंतु कुकडीकाठचा तो मनुष्य नेमका केव्हाचा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. ज्या शिक्षकाने एखाद्या जुन्या पुस्तकात ‘बोरीची हत्यारे १४ लाख वर्षांपूर्वीची’ एवढेच वाचले असेल, त्याने ते वाक्य फळ्यावर तसेच उतरवू नये, इतका बोध या हकिकतीतून निश्चित घ्यावा.

पोटॅशियमच्या समस्थानिकांचे इतर उपयोग थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. पोटॅशियम-४० मधून निघणारे गॅमा किरण ठराविक शक्तीचे असल्याने शरीराबाहेरून ते मोजून शरीरातील पोटॅशियम, आणि त्यावरून स्नायूंचे प्रमाण, सांगता येते. विमानातून तेच किरण टिपून भूभागाच्या खडकांचे नकाशे करतात. अणुभट्टीत पोटॅशियम-४१ पासून तयार होणाऱ्या पोटॅशियम-४२ ची अर्धायु फक्त सुमारे साडेबारा तासांची असते. मज्जातंतूच्या पडद्यातून पोटॅशियम कसे आतबाहेर जाते, हे हॉजकिन व कीन्स यांनी १९५५ साली याच खुणेच्या अणूंनी अभ्यासले. वनस्पतीच्या मुळांतून पालाश कसा शोषला जातो, हेही अशा खुणेच्या अणूंनी तपासता येते. स्थिर भावंडांचाही उपयोग झालेला आहे. चंद्रावरून आणलेल्या खडकांत पोटॅशियम-४१ चे प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा किंचित अधिक असल्याचे २०१६ साली वांग व जेकबसेन यांनी दाखविले. चंद्राचा जन्म प्रचंड आघातातून झाला असावा, या मतास त्याने बळ आले.

हा सर्व विषय प्राथमिक शाळेत कसा न्यावा, याविषयी काही सूचना उपयोगी पडतील.

(१) चिंचोक्यांचा खेळ. चिंचोके उभे फोडून शंभर फाका घ्याव्यात. त्यांची एक बाजू पांढरी व एक काळी असते. त्या एका सुपात घालून हलवाव्यात, व पांढऱ्या बाजूने वर पडलेल्या फाका ‘पालटलेले अणू’ म्हणून काढून टाकाव्यात. उरलेल्या मोजून पुन्हा हलवाव्यात. दर डावाची संख्या फळ्यावर लिहून आलेख काढावा. कोणती फाक केव्हा पालटेल हे सांगता येत नाही, पण सर्वांचा हिशेब मात्र सांगता येतो, हे मुलांना आपोआप कळेल. मग सुपातून गुपचूप काही फाका उचलून, किंवा बाहेरच्या चार फाका त्यात मिसळून, पुढचे गणित चुकलेले दाखवावे. गळती आणि भेसळ यांचा अर्थ याहून सोपा करून सांगता येणार नाही.

(२) काळाची दोरी. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे प्रमाण धरून शाळेच्या मैदानात ६६ मीटर लांबीची सुतळी ताणावी. एक टोक आजचे, दुसरे टोक दख्खनच्या लाव्हाचे. आजच्या टोकापासून ७ सेंटिमीटर ४ मिलिमीटरवर टोबाचा शेवटचा स्फोट, ८० सेंटिमीटरवर जुना स्फोट, आणि १ मीटर ४० सेंटिमीटरवर बोरीचा पहिला आकडा येईल. १६७४ साली झालेला शिवराज्याभिषेक मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर येतो. तो दाखविण्यास सुईचे टोक लागेल. पृथ्वीच्या जन्मापर्यंत हीच सुतळी न्यावयाची, तर साडेचार किलोमीटर लागेल. ही अंतरे मुलांनीच गणिताच्या तासाला काढावीत.

(३) विहिरीचे वाचन. कठडा असलेल्या व सुरक्षित अशा विहिरीच्या काठावरून वरची काळी माती, मग मुरूम, मग कातळ असे थर मुलांना दाखवावेत. दोन कातळांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. एक थर थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये काळ गेला, वरचा भाग कुजला, आणि मग त्यावर नवा रस पसरला, असा त्याचा अर्थ. विहीर खणणाऱ्या अनुभवी माणसास वर्गात बोलावून त्याचे अनुभव मुलांना ऐकवावेत. वय काढण्यासाठी मुरमाचा तुकडा का चालत नाही व घट्ट कातळच का लागतो, हा प्रश्न त्यानंतर विचारावा.

(४) सहलीतील शिस्त. निघोजची सहल अनेक शाळा काढतात. नदीकाठच्या गाळात हत्यारासारखा घडविलेला दगड किंवा राखेसारखा पांढरा थर आढळला, तर मुलांनी तो उकरू नये व घरी नेऊ नये. जागेवरून हललेला दगड आपला थर गमावतो, आणि थर गमावला म्हणजे त्याचे वय सांगण्याचा मार्गच खुंटतो. शिक्षकाने जागेची नोंद करून पुरातत्त्व खात्यास कळवावे.

(५) आकड्याची भाषा. ‘हा खडक इतक्या वर्षांचा आहे’ असे सांगताना ‘अमुक पद्धतीने मोजले असता’ एवढे शब्द जोडण्याची सवय ठेवावी. मुलांनी ‘हे कसे कळले?’ असे विचारले, तर तो उद्धटपणा समजू नये. बोरीचा पहिला आकडा मागे पडला तो हाच प्रश्न कोणीतरी विचारल्यामुळे, आणि विशेष म्हणजे पहिल्या वृत्तान्ताच्या कर्त्यांपैकी काहींनीच तो पुन्हा मोजून बदलला.

खेड्यातील शाळेत अणुभट्टी नाही, भार मोजणारी यंत्रे नाहीत. परंतु ज्या पाषाणावर शाळेची इमारत उभी आहे, तो पाषाण आहे. चुलीत राख आहे, शेताच्या बांधावर पालाशाचे पोते आहे आणि कालव्यात कुकडीचे पाणी आहे. एवढ्या साहित्यावर हा पाठ उत्तम होऊ शकतो. श्रीगोंद्याच्या शाळांतून शिकलेले एखादे मूल उद्या कुकडीच्या त्या राखेपाशी जाऊन उभे राहील, आणि अडून राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर अधिक चांगल्या घड्याळाने काढील, हे अशक्य नाही. त्याच्या हाती आज पोचावयाचे ते चिंचोक्यांचे सूप आणि ६६ मीटरची सुतळी; त्यांची तयारी येत्या शनिवारीच करण्यास कोणाही शिक्षकास अडचण पडू नये.